शुक्रवारपर्यंत कळवा म्हणतायत, बाबांना स्टेम सेल द्यायचे का?

एका मुलीचं पत्र आलंय, चार पानी आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. बाबा ६४ वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन सात वर्षं झाली. सुरुवातीची वर्षं गोळ्यांवर छान गेली, पण गेल्या दीड वर्षात गोळीचा असर अडीच-तीन तासांतच उतरतो आणि मग पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. दादाला मोबाइलवर एका क्लिनिकचा व्हिडिओ आला. पोटावरची चरबी काढायची, त्यातले स्टेम सेल वेगळे करायचे, ते सलाइनमधून आणि थोडे मणक्यातून द्यायचे, अशी तीन सिटिंग, पैसे सगळे आधी. दादा म्हणतो जपानमध्ये सिद्ध झालंय, पेपरात आलंय. बाबा म्हणतात करून टाकू. नको म्हणणारी एकटी ही पत्र लिहिणारी मुलगी, आणि त्यावरून दादा तिला म्हणाला, "तुला बाबांपेक्षा पैसा मोठा झाला." क्लिनिकने शुक्रवारपर्यंत कळवायला सांगितलंय, नाहीतर स्लॉट जाईल. सही केलीय, "धाकटी".

धाकटीबाई,

सगळ्यात आधी, शुक्रवार विसरा. बाबांचा आजार सात वर्षं जुना आहे, तो शुक्रवारी काही पळून जात नाहीये. मेंदूचा अॅटॅक असेल तर तासातासाचा हिशोब असतो, पार्किन्सन्समध्ये नाही. ज्या उपचाराला आठवडाभर विचार केलेला चालत नाही त्याबद्दल माझ्या मनात तिथेच शंका येते, मग तो चरबीतून काढलेला असो नाहीतर आणखी कशातून.

आता दादा. तो खोटं बोलत नाहीये हं. जपानचं खरं आहे. म्हणून तर तुम्हाला त्याच्याशी वाद घालता येत नाहीये, तो पेपर दाखवतो आणि तुम्ही गप्प होता. तर आधी ते खरं काय आहे ते नीट सांगते, कारण ते नीट कळलं की क्लिनिकचं काय करायचं हे तुमचं तुम्हालाच कळेल आणि दादालाही कळेल असं वाटतं.

पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या मधल्या भागात, सबस्टान्शिया नायग्रा नावाच्या काळसर पट्टीत, डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. या पेशींचे लांब धागे पुटामेन नावाच्या भागात जातात आणि डोपामिन तिथे लागतं, हालचाल सुरळीत व्हायला. हात थरथरायला किंवा चाल मंदावायला लागते तोवर या पेशींचा मोठा भाग गेलेला असतो. लेव्होडोपा १९६० च्या दशकात आलं, आणि आजही त्याच्याइतकं चांगलं औषध नाही, पण ते मेलेल्या पेशींची जागा घेत नाही, फक्त कच्चा माल पुरवतं. उरलेल्या पेशी तो साठवून हळूहळू सोडतात. पेशी कमी होत गेल्या की साठवायला जागा उरत नाही, मग गोळी घेतली की वर, उतरली की खाली. तुमच्या बाबांचं अडीच-तीन तासांचं जे गणित आहे ना ते हेच. गोळी बिघडलेली नाही आणि बाबा नाटकं पण करत नाहीयेत (पत्रात तुम्ही लिहिलंय की दादाला कधीकधी तसं वाटतं, त्याला हे वाचून दाखवा).

मग साहजिक विचार येतो, की मेलेल्या पेशींच्या जागी नव्या का लावू नयेत. आणि हा विचार काही आजचा नाही. १९८७ मध्ये स्वीडनमध्ये लुंडला गर्भाच्या मेंदूतल्या पेशी पार्किन्सन्सच्या पेशंटच्या मेंदूत बसवल्या होत्या. काही जणांना खरोखर फायदा झाला, एका पेशंटच्या मेंदूत त्या पेशी २४ वर्षांनीही जिवंत सापडल्या. हे वाचून मला स्वतःला काटा आला होता. पण मग अमेरिकेत याची नीट परीक्षा घेतली, ४० पेशंट, निम्म्यांना खऱ्या पेशी आणि निम्म्यांना खोटं ऑपरेशन, म्हणजे कवटीला भोक पाडलं पण आत काही घातलंच नाही. २००१ मध्ये निकाल आला. पेशंटना स्वतःला किती बरं वाटतंय हे मुख्य माप होतं, त्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. साठीच्या आतल्यांच्या हालचालीत सुधारणा दिसली, पण पेशी मिळालेल्यांपैकी १५ टक्के लोकांना पुढे वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या आणि गोळ्या कमी करूनही त्या थांबेनात. त्यात एका पेशंटसाठी अनेक गर्भांच्या पेशी लागायच्या, त्यामुळे तो रस्ता तसाही सगळ्यांना पुरणारा नव्हताच.

त्यानंतरची वीसेक वर्षं लोकांनी काय केलं, तर पेशी कुठून आणायच्या हा प्रश्न सोडवला. जपानच्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशीला मागे नेऊन पुन्हा मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, करून दाखवली, तिला आयपीएस पेशी म्हणतात, त्यासाठी २०१२ चं नोबेल मिळालं. आता हा मुद्दा महत्त्वाचा आहे, दादाला हाच सांगायचाय. मूळपेशी तशीच्या तशी मेंदूत घालत नाहीत. घालूच शकत नाहीत, ती कशाचंही रूप घेऊ शकते, गाठसुद्धा होऊ शकते. लॅबमध्ये कित्येक दिवस तिला एकामागून एक रासायनिक इशारे देऊन डोपामिनच्या पेशीच्या अलीकडच्या टप्प्यापर्यंत आणतात, तपासतात की चुकून मूळपेशी तशीच उरली नाही ना, आणि मग न्यूरोसर्जन कवटीत बारीक छिद्र करून सुईने थेट पुटामेनमध्ये सोडतो, दोन्ही बाजूंना. पेशी परक्या असतील तर शरीराने नाकारू नये म्हणून वर्षभर किंवा जास्त प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. आणि मग वाट बघायची. पेशी रुजतात, धागे काढतात, याला महिने लागतात, पूर्ण फायदा दिसायला काही वर्षंसुद्धा.

दादाच्या पेपरात जे आलं ते एप्रिल २०२५ चं असणार. नेचर मासिकात एकाच वेळी दोन रिपोर्ट छापून आले. एक क्योतोचा, ताकाहाशी यांच्या टीमचा, ७ पेशंट, आयपीएसपासून बनवलेल्या पेशी, दोन वर्षं पाठपुरावा. गंभीर दुष्परिणाम नाही, आणि ज्या ६ जणांचं मोजमाप केलं त्यांतल्या ४ जणांची गोळी उतरलेली असतानाची हालचाल सुधारली. दुसरा अमेरिका-कॅनडातला, १२ पेशंट, भ्रूणाच्या मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी, १८ महिने. त्यातल्या जास्त डोसवाल्यांच्या हालचालीच्या स्कोअरमध्ये सरासरी २३ गुणांची सुधारणा दिसली, जी बऱ्यापैकी मोठी आहे. मेंदूच्या स्कॅनमध्येही पेशी जिवंत आहेत आणि कामाला लागल्यात असं दिसलं. लुंड आणि केंब्रिजची मिळून तिसरी ट्रायल आहे, तिच्यात पहिल्या माणसाला फेब्रुवारी २०२३ मध्ये पेशी दिल्या.

मी हे वाचलं तेव्हा खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आकडे परत बघा. ७ आणि १२. दोन्ही मिळून १९ माणसं, आणि दोन्हीत खोट्या ऑपरेशनचा गट नव्हता. या ट्रायल मुळात "हे सुरक्षित आहे का" एवढंच विचारायला केल्या होत्या. फायदा खरंच होतो का हे कळायला पुढची मोठी ट्रायल लागते, ती अमेरिकेत २०२५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात खोट्या ऑपरेशनचा गट ठेवलाय. २००१ ला तोंड भाजलंय ना, म्हणून. जपानमध्ये कंपनीने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरीसाठी अर्ज केला, पण तिथला नियम वेगळा आहे, थोड्या पेशंटच्या पुराव्यावर अटी घालून ठरावीक मुदतीची मंजुरी देतात आणि पुढचा पुरावा नंतर गोळा करायला लावतात. म्हणजे "जपानमध्ये सिद्ध झालंय" हे दादाचं वाक्य "जपानमध्ये आशा वाटावी असं दिसलंय" असं करून घ्या, मग ते बरोबर आहे.

आता क्लिनिक. तुम्ही त्यांचं पत्रक जोडलंय ते मी दोनदा वाचलं. त्यात जपान आहे, नोबेल आहे, यामानाकांचा फोटोसुद्धा आहे (बिचाऱ्यांना पत्ताही नसेल), फक्त जपानमध्ये जे केलं ते नाहीये. पोटाच्या चरबीतल्या पेशी आयपीएस नाहीत. त्या शरीरात जाऊन डोपामिनच्या पेशी बनतात असं आजवर कुणी दाखवलेलं नाही. सलाइनमधून शिरेत सोडलेल्या पेशी आधी फुप्फुसात पोचतात आणि बहुतेक तिथल्या बारीक नळ्यांतच अडकतात. मणक्यात सोडलेल्या पेशी तिथल्या पाण्यात फिरत राहतात, पुटामेन मेंदूच्या आत खोल आहे, तिथे त्या आपणहून जाऊन बसत नाहीत. आणि पत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलंय दहा कोटी पेशी. अहो, माणसाच्या मेंदूत डोपामिनच्या या पेशी मुळात असतात काही लाख, त्या अमेरिकन ट्रायलमध्ये जास्त डोस म्हणजे एका बाजूला २७ लाख होता. पत्ता चुकला तर पत्रं कितीही टाका.

न्याय म्हणून हेही सांगते की चरबीतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या अशा पेशींमुळे मेंदूतली सूज कमी होते का, हे बघायला नीट नोंद केलेल्या ट्रायल झाल्यात आणि ते काम करणारे लोक प्रामाणिक आहेत. पण ते मेंदूच्या नव्या पेशी बनतात असा दावा करत नाहीत. तुमच्या पत्रकातल्या क्लिनिककडे तर हीच पेशी पार्किन्सन्सला पण, गुडघ्याला पण, डायबेटिसला पण आणि ऑटिझमला पण. मला यातलं सगळ्यात जास्त हेच खटकलं.

"होऊन होऊन काय होईल, फायदा नाही झाला तर नाही" असं बाबा म्हणतात ना? दुर्दैवाने तसं नाहीये. अमेरिकेतल्या एका क्लिनिकमध्ये चरबीतल्या पेशी डोळ्यात टोचून घेतलेल्या तीन बायकांची नजर गेली, २०१७ मध्ये डॉक्टरांनी ते छापलं. स्ट्रोकच्या एका पेशंटने वेगवेगळ्या देशांत जाऊन पेशी टोचून घेतल्या आणि त्याच्या मणक्यात गाठ वाढली, तपासलं तर ती गाठ त्याच्या स्वतःच्या पेशींची नव्हतीच, दुसऱ्या कुणाच्या होत्या, हे २०१६ चं. असं प्रत्येकाला होतं असं मी म्हणत नाही, बहुतेकांना काहीच होत नाही, ना चांगलं ना वाईट. पण मणक्यात सुई घालायची म्हणजे इन्फेक्शनचा धोका असतोच. आणि एक नुकसान कुणी सांगत नाही. उद्या खरी ट्रायल सुरू झाली आणि बाबा तिच्या वयात बसत असले, तरी आधी कुठेतरी पेशी घेतलेल्या माणसाला बऱ्याच ट्रायल घेतच नाहीत. म्हणजे खोट्या दारात शिरून खरं दार बंद.

आता जरा माझं. माझ्या मामाला पार्किन्सन्स होता आणि आम्ही त्याला अशाच एका ठिकाणी नेलं होतं. नाव घेत नाही. स्टेम सेल नव्हते, कसलीतरी "नर्व्ह रिजनरेशन"ची इंजेक्शनं होती, नुसतं नाव ऐकूनच आम्ही गार. आणि तुम्हाला सांगते, तीन आठवडे मामा खरोखर चांगला चालला. जिना चढला, स्वतः शर्टाची बटणं लावली. आम्ही रडलो. मग हळूहळू परत होता तसा, आणि मग ते म्हणाले बूस्टर घ्या, मग दुसरा बूस्टर. या सगळ्यात त्याच्या न्यूरॉलॉजिस्टकडे आम्ही सात-आठ महिने गेलोच नाही, तोंड कसं दाखवायचं म्हणून. त्या काळात तो दोनदा पडला.

ते तीन आठवडे मला कितीतरी वर्षं समजलेच नाहीत. तो ढोंग करत होता का? नाही. पार्किन्सन्समध्ये आशेनेच मेंदूत डोपामिन सुटतं, अक्षरशः, २००१ मध्ये कॅनडात स्कॅनवर ते दाखवून झालंय, पेशंटला औषध म्हणून खारं पाणी टोचलं तरी. आणि २०१५ चा एक छोटासा प्रयोग आहे, बारा पेशंट, सगळ्यांना दोन वेळा नुसतं खारं पाणी दिलं, फक्त एकदा सांगितलं की औषध स्वस्त आहे आणि एकदा सांगितलं की फार महाग आहे. महाग म्हणून दिलेल्या पाण्याने हालचाल जास्त सुधारली. मी हे वाचून खूप वेळ तशीच बसून राहिले होते. म्हणजे क्लिनिकच्या व्हिडिओतले काका, जे तिसऱ्या दिवशी टाळ्या वाजवत चालतायत, ते अॅक्टर असतील असं समजायची गरज नाही, ते खरे असू शकतात आणि त्यांना खरंच बरं वाटलेलं असू शकतं. पण तिसऱ्या दिवशी ते पेशींमुळे नाही, पेशी तिसऱ्या दिवशी रुजत नाहीत हो. सहा महिन्यांनंतरचा व्हिडिओ मागा त्यांच्याकडे. त्याच काकांचा, गोळी न घेता सकाळी उठल्या उठल्या काढलेला.

दादाला हे सगळं भाषण देऊ नका, तो ऐकणार नाही, उलट तुम्ही शहाणपणा करताय म्हणेल. त्यापेक्षा त्यालाच कामाला लावा. त्याला म्हणा, दादा, पैसे मी पण घालते, पण तू त्यांच्याकडून एवढं लेखी आण: पेशी नेमक्या कुठल्या आणि मेंदूत नेमक्या कुठे जाणार, ट्रायल असेल तर नोंदणीचा नंबर आणि एथिक्स कमिटीचं पत्र, काही बिघडलं तर खर्च कोण करणार, पार्किन्सन्सचे किती पेशंट केले आणि वर्षभरानंतर त्यांचं काय झालं हे कुठे छापलंय. आणि शेवटचं, ट्रायल असेल तर आमच्याकडून पैसे का घेताय. कारण पेशी लावण्याच्या खऱ्या ट्रायलमध्ये ऑपरेशनचा खर्च पेशंटवर टाकत नाहीत, उलटे तेच तुम्हाला पंचवीस तपासण्या करून नाही म्हणतात, वय बसत नाही, विसरभोळेपणा आहे, हे आहे ते आहे. एक सावधगिरी, काही क्लिनिक सरकारी ट्रायल रजिस्टरच्या वेबसाइटवर स्वतःचं नाव टाकून घेतात आणि ते मंजुरी म्हणून दाखवतात. तिथे नाव असणं म्हणजे नोंद, परवानगी नव्हे.

आता मला पत्रातली जी गोष्ट खरी टोचली ती. तिसऱ्या पानाच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय, की बाबा हल्ली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर काहीबाही ऑर्डर करत बसतात, तीन ड्रिल मशीन घेतली, आणि आई वैतागलीय. आणि गोळ्यांच्या यादीत प्रामीपेक्झोल आहे, गेल्या वर्षी डोस वाढवलेला.

धाकटीबाई, हा स्वभाव नसेल. प्रामीपेक्झोल, रोपिनिरोल या गटातली औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या कुलपात थेट चावी फिरवतात, आणि काही लोकांत त्याने मनाचा ब्रेक सैल होतो, खरेदी, जुगार, सतत खाणं, लैंगिक बाबतीत वागणं बदलणं असं काहीही. ३०९० पेशंटच्या एका मोठ्या पाहणीत ही औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना असा काहीतरी त्रास होता, न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांना. घरच्यांना लाज वाटते म्हणून कुणी सांगत नाही आणि डॉक्टरांना पाच मिनिटांत विचारायचं सुचत नाही. मी इथे बसून निदान करत नाहीये, पण ज्या माणसाला रात्री दोन वाजता तिसरं ड्रिल मशीन घ्यावंसं वाटतं, त्याने आयुष्यभराची पुंजी शुक्रवारपर्यंत एका क्लिनिकला द्यायचं ठरवलं तर तो निर्णय पूर्ण त्याचाच आहे का गोळीचा पण थोडा आहे, हे बघायला नको? आधी हे बघा. स्टेम सेल नंतर. आणि कृपा करून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, एकदम थांबवली तर घाबरेपणा, डिप्रेशन, घाम असा वेगळाच त्रास सुरू होतो. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. बाबांना रागावू पण नका, ड्रिल मशीनवरून तर मुळीच नको.

आणि अडीच-तीन तासांचं काय? त्यावर आजच्या आज करण्यासारखं बरंच आहे आणि मला वाटतं ते सगळं अजून झालेलं नाही, कारण तुम्ही लिहिलंय की डॉक्टर दर चार महिन्यांनी भेटतात आणि "कसं काय" विचारलं की बाबा म्हणतात "ठीक". तर डायरी ठेवा. अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने, त्यात झोप, गोळी चढलेली, गोळी उतरलेली, नको त्या हालचाली, एवढंच लिहायचं, तीन दिवस. आणि पाय चिकटतात तेव्हाचा मोबाइलवर व्हिडिओ. डॉक्टरांसमोर बाबा नेहमी चांगल्या वेळीच बसलेले असणार, त्यांना ते पाय दिसलेलेच नाहीत. ही डायरी बघून ते डोस छोटे करून जास्त वेळा देतील, किंवा असर लांबवणारी दुसरी गोळी जोडतील, एन्टाकापोन, रासाजिलिन वगैरे, त्यांचं ते ठरवतील. बाबा लेव्होडोपा जेवणाबरोबर घेतात का? भरपूर प्रोटीन असलेल्या जेवणाशी त्या गोळीची आत शिरायला मारामारी होते, त्यामुळे जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेऊन बघता येतं. काही जणांना एवढ्यानेच दुपार परत मिळते. आणि व्यायाम, दम लागेल असा, हे मी सांगायचं म्हणून सांगत नाहीये.

डीबीएसबद्दल पण विचारा, म्हणजे मेंदूत बारीक तार बसवून विजेचे हलके झटके देतात ते. ८० च्या दशकापासून आहे, हजारो लोकांवर झालंय. जी लक्षणं गोळी चढल्यावर सुधारतात तीच साधारण त्यानेही सुधारतात, आणि तुमच्या बाबांचं नेमकं तेच दुखणं आहे, गोळी चढली की माणूस चांगला, उतरली की नाही. ६४ वय आडवं येत नाही, पण स्मरणशक्ती, मनःस्थिती सगळं तपासून मगच करतात. इथे एक पेच आहे तो सांगून ठेवते, डीबीएस केलेल्या माणसाला पेशींच्या काही ट्रायल घेत नाहीत. मग थांबायचं का ट्रायलसाठी? माझं मत विचाराल तर नाही. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, ट्रायलमध्ये नंबर लागेल की नाही, लागला तर खऱ्या पेशी मिळतील की खोटं ऑपरेशन, कुणाला माहीत. पण हे मत माझं झालं, बाबांना पेच समजावून सांगा आणि त्यांना ठरवू द्या. तब्येत त्यांची आहे, आपण सगळे मिळून ते विसरतो.

अजून एक, कारण बाबांची आशा कशावर आहे ते पत्रात दिसतंय. तुम्ही लिहिलंय की त्यांना वाटतं स्टेम सेल घेतले की झोप लागेल, बद्धकोष्ठ जाईल, वास परत येईल. खऱ्या, जपानवाल्या पेशींनीसुद्धा हे होईल असं कुणी म्हणत नाहीये. त्या पेशी डोपामिनचा एक पत्ता भरून काढतात, आणि झोप, आतडी, वास, उठताना बीपी पडणं हे सगळं इतर ठिकाणी झालेलं नुकसान आहे. शिवाय जुन्या गर्भपेशींच्या पेशंटमध्ये दहा-पंधरा वर्षांनी लावलेल्या काही पेशींतही पार्किन्सन्समध्ये दिसतात तशाच प्रोटीनच्या गुठळ्या दिसल्या होत्या, २००८ मध्ये ते छापून आलं. बहुतेक पेशी ठीक होत्या, पण आजार थांबलेला नसतो. बद्धकोष्ठावर मात्र आत्ता उपाय आहे आणि तो केला तर लेव्होडोपाही बरं लागू पडतं कधीकधी. डॉक्टरांना तेही सांगा, बाबा नाही सांगणार.

आता दादाचं ते वाक्य, पैशांचं. ते त्याच्या तोंडून भीतीने निघालं असावं असं मला वाटतं. लांब राहणारं भावंड असंच करतं, रोज जवळ नसल्याची टोचणी असते आणि मग काहीतरी मोठं, एकरकमी करून टाकावंसं वाटतं. तुम्ही रोज बाबांची बटणं लावता, त्याला ते करता येत नाही. त्याला डायरीचं काम द्या. रोज रात्री व्हिडिओ कॉल करून बाबांना विचारून त्यानेच रकाने भरायचे. आणि न्यूरॉलॉजिस्टकडे पुढच्या वेळी तुम्ही नाही, तो जाऊ दे, क्लिनिकचं पत्रक पण घेऊन जाऊ दे, न लाजता समोर ठेवू दे. माझ्या मामाच्या वेळी आम्ही लपवलं, ते करू नका.

अपॉइंटमेंट चार महिन्यांनी असेल तर थांबू नका, फोन करून सांगा की प्रामीपेक्झोलवर आहेत आणि खरेदी वाढलीय, एवढ्यावर लवकरची वेळ मिळायला हवी. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या, नुसती नावं नाही, मिलिग्रॅम आणि वेळा लिहून. आणि बाबांच्या मोबाइलमधलं कार्ड तात्पुरतं काढून ठेवायचं असेल तर त्यांना विचारून काढा, चोरून नको, त्यांना कळतं सगळं.

क्लिनिकचा शुक्रवारी फोन आला तर उचला आणि ते सहा महिन्यांनंतरचे व्हिडिओ मागा. काय म्हणाले ते मला नक्की कळवा.